पदकानंतरचा सोमवार

लांब पल्ल्याच्या शर्यतींची हौस स्वागतार्हच आहे. पण शर्यत पूर्ण केल्याचे पदक म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे, हे स्पर्धकांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि आयोजकांनीही ध्यानात ठेवायला हवे.

रविवारची पहाट, पावणेपाचची वेळ. पुण्यात कात्रज घाटाच्या चढाला, नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्याला आणि कोल्हापुरात जोतिबाच्या वळणांवर अंधारात लुकलुकणारे लाल दिवे सरकताना दिसतात. दूधवाले आणि पेपरवाले यांच्या बरोबरीने रस्त्यावर उतरलेली ही नवी जमात आहे हौशी सायकलपटूंची. त्यांतले काही जण ऐंशी-नव्वद किलोमीटर सायकल मारून परततात आणि सायकल भिंतीला टेकवून लगेच बूट बदलून धावायला लागतात. आठवड्यातून तीन दिवस हीच मंडळी महापालिकेच्या तलावावर पहिल्या बॅचला हजर असतात. कुणी बँकेत आहे, कुणी दंतवैद्य, कुणी आयटीत, कुणी हार्डवेअरचे दुकान चालवतो. वय बहुतेकांचे पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. खेळाडू म्हणून यांना कोणी पगार देत नाही, की सरावासाठी सुट्टी देत नाही. तरीही पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही एका दमात करायच्या ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीने त्यांच्या आठवड्याचा ताबा घेतलेला असतो.

या शर्यतींत अनेक अंतरे आहेत. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिम्पिकपासून जी खेळली जाते, तिच्यात दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. पण हौशी मंडळींचे मन जिच्यावर जडले आहे ती आयर्नमॅन. तिच्यात ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून मग पूर्ण ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन धावायची आणि हे सगळे साधारण १७ तासांच्या आत आटोपायचे. तिची निम्मी आवृत्ती १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची. ही निम्मी शर्यत २०१९ पासून गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होऊ लागली आणि महाराष्ट्रातल्या हौशी खेळाडूंना तिच्यासाठी परदेशी जाण्याची गरज उरली नाही. त्याआधी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मिलिंद सोमण यांनी झुरिचची आयर्नमॅन पूर्ण केली होती. त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसालाही हे जमते, हे अशा उदाहरणांनी दाखवून दिले आणि हौशीची वाट रुंद झाली.

या हौशीचे स्वागत करायलाच हवे. ज्या देशात २०२२ साली जवळपास निम्मे प्रौढ, नेमके सांगायचे तर ४९.४ टक्के, पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, ज्या देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज आहे, तिथे चाळिशीतला माणूस पहाटे उठून घाम गाळतो हे दृश्य आनंदाचेच आहे. अति व्यायामाने आजारी पडणाऱ्यांपेक्षा बैठ्या जीवनाने आजारी पडणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी मोठी आहे. त्यामुळे पुढे जे म्हणायचे आहे ते सोफ्यावर बसून ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणणाऱ्यांच्या सोयीसाठी नाही.

म्हणायचे ते इतकेच, की आरोग्य आणि लांब पल्ल्याची शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काही अंतर हातात हात घालून चालतात आणि मग त्यांच्या वाटा फुटतात. शर्यतीचा जन्मही आरोग्याच्या विचारातून झालेला नाही. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत सर्वांत दणकट कोण, यावर हवाईमध्ये खेळाडूंचा वाद रंगला. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी तो सोडवण्यासाठी ओआहू बेटावरच्या तीन मोठ्या शर्यती एकाला एक जोडल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. विजेत्याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. दुसऱ्या आलेल्या स्पर्धकाकडचे पाणी धावताना संपले तेव्हा त्याच्या मदतनीसांनी त्याच्या हाती बिअर दिली, ही गोष्ट या खेळाच्या इतिहासात आजही कौतुकाने सांगितली जाते. थोडक्यात, ही एक पैज होती. पैज लावायला कोणाची हरकत नाही. फक्त पैजेला औषध समजू नये.

औषध म्हणून व्यायामाची मात्रा किती, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. याहून कमी केले तरी फायदा होतोच. अमेरिकेत सुमारे ५५ हजार प्रौढांची सरासरी १५ वर्षे माहिती ठेवून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला पाच-दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळले. म्हणजे आरोग्याच्या खात्यात मोठी जमा होते ती पहिल्या काही तासांतच. पूर्ण आयर्नमॅनची तयारी करणारा हौशी खेळाडू ऐन भरात आठवड्याला १२ ते १५ तास सराव करतो. पहिल्या तीन-चार तासांनी त्याला जे दिले, ते पुढचे दहा तास त्याच प्रमाणात देत नाहीत. ते दहा तास शर्यतीसाठी असतात, हौशीसाठी असतात, स्वतःची मर्यादा आजमावण्यासाठी असतात. ही कारणे काही हलकी नाहीत. पण ‘तब्येतीसाठी करतोय’ हे उत्तर तिथे पुरत नाही.

त्या जादा तासांचा शरीरावर काय परिणाम होतो? हृदय हा स्नायूच आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचे कप्पे मोठे होतात, एका ठोक्यात ते जास्त रक्त फेकते आणि विश्रांतीच्या वेळचे ठोके मिनिटाला पन्नासच्याही खाली येऊ शकतात. बहुतांशी हा चांगला बदल आहे. मात्र काहींमध्ये, विशेषतः अनेक वर्षे जोरकस सराव करणाऱ्या पुरुषांमध्ये, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात ते हेच. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या ‘वासालोपेट’ या बर्फावरच्या शर्यतीतील ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांची माहिती तपासून २०१३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत, जितक्या जास्त शर्यती आणि जितका जास्त वेग, तितके लय बिघडण्याचे प्रमाण अधिक दिसले. याचा अर्थ हे खेळाडू अल्पायुषी ठरतात असा नाही. सहनशक्तीचे खेळ खेळणारे सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त जगतात असेच अनेक पाहण्या सांगतात. पण छातीत फडफड, अचानक धाप, नेहमीच्या वेगालाही ठोके भलतेच वर जाणे, याकडे ‘फिट माणसाला काय होतंय’ म्हणून काणाडोळा करणे महागात पडू शकते.

अधूनमधून एखाद्या शर्यतीत कोणी कोसळल्याची बातमी येते आणि मग दोन टोकांची चर्चा सुरू होते. एका बाजूला ‘पळणेच वाईट’, दुसऱ्या बाजूला ‘नशीब, दुसरे काय’. आकडे या दोघांनाही दुजोरा देत नाहीत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत किंवा ती संपताच बंद पडले. म्हणजे दर दोन लाख धावपटूंमागे साधारण एक. ट्रायथलॉनचे १९८५ ते २०१६ या काळातले अमेरिकी आकडे जास्त आहेत: दर लाख स्पर्धकांमागे १.७४ मृत्यू किंवा हृदय बंद पडण्याच्या घटना. अपघात वगळता अशा १२० घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. बळी पडलेल्यांत ८५ टक्के पुरुष होते, सरासरी वय ४७ च्या आसपास. साठीपुढच्या पुरुषांत हे प्रमाण लाखामागे १८ च्या वर गेले होते. ज्यांचे शवविच्छेदन झाले त्यांतल्या ४४ टक्के लोकांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा महत्त्वाचा दोष होता.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली पाण्याबद्दल. शर्यतीचा भोंगा वाजतो, शेकडो जण लाटेत शिरतात, लाथा-कोपर लागतात, नाकातोंडात खारे पाणी जाते, श्वास चुकतो. एरवी तलावाच्या काठाला हात लावून थांबता येते, तशी सोय समुद्रात नसते. भीती आणि दम लागणे यांनी ठोके वाढवायचे, तर चेहरा पाण्यात बुडाल्यावर ठोके मंदावण्याची शरीराची उपजत प्रतिक्रिया उलट दिशेने ओढायची, अशी रस्सीखेच हृदयाला झेपेनाशी होऊ शकते. आपल्याकडे वयाच्या पस्तिशीत तलावात पोहणे शिकून थेट समुद्रात उतरणारे पुष्कळ आहेत. गोव्याचे पाणी उबदार, त्यामुळे शरीराला तरंगत ठेवणारा वेटसूटही तिथे नसतो. सायकल आणि धावण्याच्या सरावात एखादा रविवार चुकला तर निकाल बिघडेल. उघड्या पाण्याचा सराव चुकला तर जिवावर बेतू शकते.

दुसरी गोष्ट आधीच दडून बसलेल्या आजाराची. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत काही वर्षे आधी गाठतो, हे आता सर्वमान्य आहे. ज्याने विशी-तिशी खुर्चीत घालवली, दहा वर्षे सिगारेट ओढली, ज्याच्या वडिलांना पन्नाशीत झटका आला होता, तो चाळिशीत वर्षभर धावून सडपातळ झाला तरी रक्तवाहिन्यांत साचलेला थर त्या वर्षभरात वाहून जात नाही. धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून नोंदणीचे पैसे भरण्याआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि घराण्यातल्या आजारांची माहिती घेऊन डॉक्टरांकडे जाणे हे पहिले पाऊल हवे. गरजेनुसार टूडी इको, ट्रेडमिल चाचणी किंवा पुढच्या तपासण्या काय करायच्या ते डॉक्टर ठरवतील. चाचणी नॉर्मल आली म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली असेही नाही. चढावर छातीत दाटणे, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, भोवळ, या गोष्टी चाचणीच्या कागदापेक्षा खऱ्या मानाव्यात. तापात सराव करण्याचा हट्टही असाच घातक. विषाणूसंसर्ग कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेला असतो आणि त्या काळात हृदयावर टाकलेला ताण त्याची लय बिघडवू शकतो.

पाण्याबद्दलचे समजही तपासून घ्यायला हवेत. ‘तहान लागायच्या आधी पीत राहा’ हा सल्ला इतका रुजला आहे, की अनेक जण प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम प्रमाणाबाहेर कमी निघाले. शर्यतीत वजन घटण्याऐवजी ज्यांचे वाढले होते, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले होते, त्यांना हा धोका सर्वांत अधिक होता. सोडियम फार उतरले की मेंदूला सूज येते. मळमळ, गोंधळलेपणा, झटके येतात. अशा माणसाला ‘पाणी कमी पडले’ समजून आणखी पाणी पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणे. हळू जाणारे, शर्यतीत जास्त वेळ घालवणारे हौशी लोकच यात अधिक सापडतात. त्यांच्यासाठी तहानेप्रमाणे पिणे, पाण्याबरोबर मीठ-साखर घेणे आणि सरावाआधी-नंतर वजन करून आपला घाम किती जातो ते ओळखणे हे साधे उपाय आहेत. सांधे दुखतात म्हणून शर्यतीत वेदनाशामक गोळ्या चघळणे मात्र टाळलेच पाहिजे. पाणी कमी पडलेल्या, तापलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडांवर घाला घालतात.

आणि उकाडा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. घाटावर, थंड पहाटे सराव केलेल्याला दुपारच्या उन्हात धावायची वेळ येते तेव्हा त्याचा नेहमीचा वेग त्याला पेलत नाही. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन माणूस बरळू लागला, तर त्याला रुग्णवाहिकेत घालून पळवण्याआधी जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात थंड करायचे असते. ही सोय शर्यतीच्या ठिकाणी आहे का, हे टी-शर्टच्या रंगाआधी विचारले पाहिजे.

ताटाचा प्रश्न याहून शांतपणे त्रास देतो. सराव वाढतो, भूक मात्र दर वेळी त्या मानाने वाढत नाही; शिवाय ‘हलके झालो की वेगवान होऊ’ हा विचार मागे असतोच. सकाळी तीन तास सायकल, मग ऑफिसच्या घाईत दोन पोळ्यांचा डबा आणि वर आठवड्यातून दोन उपास, असे महिनोन्महिने चालले तर शरीर खर्च कापायला लागते. ते आधी हाडांवर कात्री चालवते, मग संप्रेरकांवर, प्रतिकारशक्तीवर, मनःस्थितीवर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेकडे खास लक्ष वेधले आहे. स्त्रियांत पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही तिची मोठी खूण. ‘व्यायामाने असे होतेच’ म्हणून ती सोडून देऊ नये. पुरुषांत कामेच्छा मंदावणे, सतत थकवा, पायाच्या हाडाला बारीक तडा जाणे या तिच्या खुणा. ज्या देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, तिथे धावायला लागलेल्या बाईने हिमोग्लोबिन आधी तपासावे हे सांगायलाच नको. महागड्या पावडरींआधी भाकरी, उसळ, दूध-दही, अंडी-मासे, केळी, खजूर आणि शेंगदाण्याचा लाडू यांचे प्रमाण वाढवणे हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

आता हिशेब वेळेचा. आठवड्याचे तास १६८. रोज साडेसात तास झोप धरली तर साडेबावन्न तास गेले. नोकरी आणि प्रवासाचे साठ. उरले साडेपंचावन्न. बारा तासांचा सराव आणि त्याच्या आगेमागे तलावापर्यंत जाणे, सायकल पुसणे, पंक्चर काढणे, आंघोळ यांचे चार धरले, तर उरतात साडेएकोणचाळीस. त्यात जेवणखाण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधे, सोसायटीची मीटिंग, गणपती-दिवाळी आणि दोन शब्द निवांत बोलणे. कागदावर हे जमते. प्रत्यक्षात जमत नाही तेव्हा कात्री पडते ती झोपेवर, कारण झोप तक्रार करत नाही. रात्री साडेअकराला आडवे होऊन साडेचारला उठणारा माणूस स्वतःला शिस्तबद्ध समजतो, पण सरावाने स्नायूंत झालेली झीज भरून निघते ती झोपेतच. झोप कापून केलेला सराव म्हणजे कर्ज काढून भरलेली मुदत ठेव.

झोपेनंतर कात्री पडते ती घरावर. हौशी खेळाडूच्या रविवारच्या पाच तासांत घरात कोणीतरी दूध तापवत असते, मुलाला क्लासला सोडत असते, सासऱ्यांचा रक्तदाब मोजत असते. शर्यतीच्या फोटोत ते माणूस दिसत नाही. आपल्याकडच्या शर्यतींत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या मानाने इतकी कमी का, याचे एक उत्तर इथे आहे. रविवारच्या पहाटे पाच तास घराबाहेर राहण्याची मुभा बहुतेक घरांत एकालाच मिळते आणि ती कोणाला मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. उपकरणे, प्रशिक्षकाचे शुल्क, नोंदणी, प्रवास-मुक्काम मिळून खर्चही लाखाच्या घरात सहज जातो. म्हणून शर्यतीचा निर्णय घरात बसून, वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवून दोघांनी घ्यायचा असतो. मुलीची दहावी, घरातले लग्न, आईचे गुडघ्याचे ऑपरेशन ज्या वर्षी असेल, त्या वर्षी निम्मी शर्यत किंवा नुसती दहा किलोमीटरची दौड पुरे. आणि एका वर्षी एकाचा सराव, तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचा कोणता तरी छंद, इतका साधा व्यवहार पाळला तरी बरीच घरे सुखी राहतील.

मनाचाही एक पदर आहे. अनेकांना या सरावाने दारू सोडायला, नैराश्यातून वर यायला, साखर आटोक्यात आणायला मदत केली आहे. ते मोल मोठे आहे. पण एक सराव चुकला म्हणून दिवसभर चिडचिड, मनगटावरचे घड्याळ ‘थांब’ म्हणत असताना पळणे, दुखणे लपवणे, शर्यत संपताच पोकळ वाटून लगेच पुढची नोंदणी करणे, ही लक्षणे हौस मालक झाल्याची आहेत. सहा महिन्यांपूर्वी जिना चढताना दम लागणाऱ्याने समाजमाध्यमावरचे फोटो पाहून थेट आयर्नमॅनचे नाव नोंदवणे हेही त्याच पठडीतले. जाणकार प्रशिक्षक सांगतात ते याच्या नेमके उलट आहे: दोन-तीन वर्षे छोट्या अंतरांत मुरा, बहुतेक सराव बोलता बोलता करता येईल इतक्या सावकाश वेगाने करा, थोडाच जोरकस ठेवा, आठवड्याचा एक दिवस पूर्ण विश्रांतीचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका. सकाळी उठल्यावरचे ठोके नेहमीपेक्षा वाढलेले असतील, झोप लागत नसेल, पाय जड वाटत असतील, तर त्या दिवशीचा सराव रद्द करणे हाच सराव.

सारी जबाबदारी स्पर्धकावर टाकून चालणार नाही. आता गावोगावी मॅरेथॉन आणि ट्रायथलॉन होऊ लागल्या आहेत. तलावात किंवा धरणात शर्यत घेताना किती लाइफगार्ड, किती बोटी, किनाऱ्यावर हृदयाला झटका देणारे एईडी यंत्र आहे का, छाती दाबून प्राण वाचवणे किती स्वयंसेवकांना येते, हे परवानगीच्या अर्जातच मागितले गेले पाहिजे. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत मदत मिळाली तरच माणूस वाचतो. रुग्णवाहिका गर्दीतून येईपर्यंत ती मिनिटे संपलेली असतात. नुसत्या सहीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांचा बाजार बंद व्हायला हवा आणि डॉक्टरांनीही समोरचा सडपातळ आहे म्हणून ईसीजीवर वरवर नजर टाकू नये. महापालिकांनी तलाव दुरुस्तीच्या नावाखाली महिनोन्महिने कोरडे ठेवू नयेत आणि रविवारी सकाळचे दोन-तीन तास एखादा रस्ता सायकलींसाठी मोकळा ठेवण्याचा प्रयोग मोठ्या शहरांनी नियमित करावा. पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने ट्रकांच्या वाऱ्यात सायकल चालवणे हा तंदुरुस्तीचा मार्ग म्हणून कोणाच्या वाट्याला येऊ नये. याचा फायदा मूठभर आयर्नमॅनपुरता राहणार नाही. शाळकरी पोरे, गुडघेदुखीमुळे पोहायला येणाऱ्या आजी आणि सायकलवर कामाला जाणारे मजूर यांनाही तो मिळेल.

शर्यत रविवारी असते. अंतिम रेषेवर नाव पुकारले जाते, गळ्यात पदक पडते, डोळे भरून येतात आणि ते यायलाच हवेत. महिनोन्महिन्यांच्या पहाटा त्या क्षणात असतात. खरा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी लागतो. सोमवारी सकाळी जिना उतरता येतो का, भूक आणि झोप ठीक आहे का, ऑफिसात डोके चालते का, घरातले लोक त्या पदकाकडे कौतुकाने पाहतात की सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढच्या महिन्यात, समोर कोणतीही शर्यत नसताना, हा माणूस अर्धा तास चालायला बाहेर पडतो का, याची उत्तरे कोणताही आयोजक निकालपत्रात छापत नाही. हौशी खेळाडूने ती आपली आपण, आणि घरच्यांना विचारून, लिहून ठेवावीत. पुढची नोंदणी त्यानंतर.